दातांच्या उपचारानंतर रेंगाळणारी बधिरता

दाढ ठणकू लागली म्हणजे माणूस लवंगेचे तेल लावतो, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करतो, वेदनाशामक गोळ्यांवर चार दिवस काढतो आणि यांपैकी कशानेच भागत नाही तेव्हा दंतवैद्याची पायरी चढतो. ही टाळाटाळ केवळ खर्चापोटी होते असे नाही. दात काढण्याविषयीचे भय आपल्याकडे खोलवर रुजलेले आहे. वरची दाढ काढली की दृष्टी अधू होते, ही समजूत तर सुशिक्षित घरांतूनही ऐकावयास मिळते. अशा मनःस्थितीत दाढ काढून परतलेल्या माणसाचा ओठ दुसऱ्या दिवशी सकाळीही जड आणि जणू परक्याचा वाटू लागला, तर त्या घरात काय घडत असेल याची कल्पना करणे अवघड नाही. कोणी म्हणतो शीर तुटली, कोणी म्हणतो अर्धांगवायूची सुरुवात आहे. ज्या गावांत कुष्ठरोग निर्मूलनाच्या मोहिमांतून ‘बधिर चट्टा’ हे शब्द घरोघरी पोहोचले आहेत, तेथे ‘बधिर’ या नुसत्या शब्दानेही मनात भलतीच शंका उभी राहू शकते. याच्या उलट प्रकारही होतो. रुग्ण कोणाला काहीच सांगत नाही. आज ना उद्या जाईल म्हणून आठवडे आणि महिने घालवतो.

घबराट आणि मौन या दोहोंत मौन अधिक घातक ठरते. उपचारानंतरची बधिरता बहुसंख्य रुग्णांत आपोआप ओसरते, हे खरे आहे. परंतु जी थोडी प्रकरणे आपोआप बरी होणारी नसतात, त्यांतील काहींना मदत करण्याची संधी अवघ्या एक-दोन दिवसांची आणि काहींना काही महिन्यांची असते. कोणती बधिरता कोणत्या जातीची, हे ठरविण्यासाठी ती केव्हा सुरू झाली, कोठवर पसरली होती आणि नंतर कमी होत गेली की नाही, याची तारीखवार माहिती लागते. ती माहिती रुग्णाने वेळीच सांगितल्याखेरीज मिळत नाही.

भूल कशी काम करते?

दातांच्या उपचारात भुलीचा वापर सुरू होऊन आता सुमारे एकशे चाळीस वर्षे झाली. १८८४ साली व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळ्याचा पृष्ठभाग बधिर करता येतो हे दाखविले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी कोकेनचे इंजेक्शन खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ देऊन अर्धा जबडा बधिर केला. आजही खालची दाढ काढताना इंजेक्शन देतात ते मूलतः याच पद्धतीने. हॉल्स्टेड यांना स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून कोकेनचे व्यसन जडले आणि त्याची किंमत त्यांनी पुढे दीर्घकाळ मोजली. अशा औषधाऐवजी निर्धोक औषध शोधणे भागच होते. १९०५ च्या सुमारास प्रोकेन प्रचारात आले. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आले. आपल्याकडील दवाखान्यांत दाताला भूल देण्यासाठी आज सर्वांत अधिक वापरले जाते ते हेच औषध.

मज्जातंतू म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म धाग्यांची जुडी होय. दुखण्याचा संदेश या धाग्यावरून पुढे सरकतो तो धाग्याच्या आवरणातील बारीक दारे उघडून सोडियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात म्हणून. भुलीचे औषध ही दारे काही काळ बंद ठेवते. दाढेत वेदना उत्पन्न होते, पण तिचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. औषध रक्तावाटे वाहून गेले की दारे पूर्ववत उघडतात. ते लवकर वाहून जाऊ नये म्हणून त्यात ॲड्रेनॅलिनचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. त्यामुळे तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि औषध जागच्या जागी अधिक काळ टिकते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. औषधामुळे येणाऱ्या बधिरतेला कालमर्यादा आहे. ॲड्रेनॅलिनयुक्त लिडोकेन दिल्यानंतर दाताची भूल साधारण तासाभरात उतरू लागते. ओठ, जीभ आणि गाल यांची बधिरता मात्र तीन ते पाच तास टिकते. आर्टिकेन या औषधाने ती काहीशी अधिक लांबते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वेदना होऊ नयेत म्हणून मुद्दाम दिले जाणारे ब्युपिव्हेकेन आठ-दहा तास, क्वचित बारा तासही आपला अंमल ठेवते. सकाळी दाढ काढली आणि संध्याकाळी ओठ जड आहे, एवढ्यावरून काळजीचे कारण नाही. परंतु दुसरी सकाळ उजाडली तरी ओठ किंवा जीभ तशीच बधिर असेल, तर ती बधिरता औषधाची राहिलेली नसते. तिचे कारण मज्जातंतूत शोधावे लागते.

भुलीच्या चार-पाच तासांत

या थोड्या तासांत होणारे अपघात किरकोळ असतात, पण ते वारंवार होतात आणि बहुतेक टाळण्यासारखे असतात. मोठी माणसे सवयीने घरी येताच गरम चहा घेतात. बधिर ओठाला चटका कळत नाही आणि भूल उतरल्यावर फोड आलेला दिसतो. तंबाखू खाणारा मनुष्य बधिर गालात तंबाखूची गोळी धरून बसतो आणि दाढेच्या ताज्या जखमेची हानी करून घेतो.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. बधिर ओठ हा मुलाला खेळ वाटतो. ते तो चावते, चोखते, नखाने ओरबाडते. वेदना नसल्यामुळे त्याला थांबावेसे वाटत नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत खालच्या जबड्याला भूल दिलेल्या मुलांपैकी शेकडा १३ मुलांनी ओठ, गाल किंवा जीभ चावून घेतल्याचे आढळले. चार वर्षांखालील मुलांत हे प्रमाण शेकडा १८ होते. दुसऱ्या दिवशी ओठ सुजतो आणि त्यावर पांढरट थर धरतो. हा थर पू आहे अशा समजुतीने पालक घाबरतात व मुलाला प्रतिजैविके देण्याचा आग्रह धरतात. वास्तविक ही चावल्याची जखम असते आणि स्वच्छता राखली तर ती आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येते. शाळेतील तपासणीनंतर मुलाला दंतोपचारासाठी नेले असेल, तर त्या दिवशी डबा खाण्यापूर्वी भूल उतरली आहे की नाही एवढे शिक्षकांनी विचारले तरी यांतील बऱ्याच जखमा टळतील. शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्यात पालघर येथूनच सुरू झाला आणि त्यात दातांच्या विकारांचाही समावेश आहे. अशी मुले म्हणूनच शिक्षकांच्या पाहण्यात नेहमी येणार.

आणखी एक प्रकार फार भीतिदायक दिसतो. क्वचित भुलीचे औषध कानापुढील लालाग्रंथीत शिरते. तेथून चेहऱ्याच्या हालचालींचा मज्जातंतू जातो. मग त्या बाजूचे तोंड वाकडे होते आणि पापणी मिटत नाही. पाहणाऱ्यांना हा अर्धांगवायूच वाटतो. परंतु हाही औषधाचाच परिणाम असल्याने काही तासांत तो ओसरतो. तोवर उघड्या डोळ्याला धूळ लागू नये म्हणून पापणी हलकेच मिटवून वर स्वच्छ पट्टी ठेवावी. भूल उतरल्यावरही चेहरा वाकडाच राहिला, किंवा त्याबरोबर हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळू लागले, तर दंतवैद्याची वाट न पाहता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

तोंडातील मज्जातंतूंची वाट

चेहरा, दात, हिरड्या व जीभ यांची स्पर्शसंवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू तीन मुख्य शाखांचा आहे. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी जोडी होय. दृष्टीचा मज्जातंतू हा दुसऱ्या जोडीतील. दोघांची वाट वेगळी आणि कामही वेगळे. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. वरच्या पुढील दातांसाठी दिलेल्या भुलीने कधीकधी खालची पापणी आणि नाकाची कड काही वेळ बधिर होते. डोळ्याविषयीची समजूत अशाच एखाद्या अनुभवातून निघाली असणे शक्य आहे.

रेंगाळणारी बधिरता बहुधा खालच्या जबड्याच्या उपचारानंतर आढळते आणि तिचा संबंध दोन मज्जातंतूंशी असतो. त्यांतील पहिला खालच्या जबड्याच्या हाडातील एका अरुंद बोगद्यातून दाढांच्या मुळांखालून पुढे जातो आणि उपदाढांच्या जवळ एका छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवतो. दुसरा जिभेकडे जातो. तो अक्कलदाढेच्या आतील बाजूस, हिरडीच्या पातळ पडद्याखाली, हाडाला जवळजवळ चिकटून असतो. त्याच्याच सोबतीने जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाची चव कळविणारे तंतूही जातात. म्हणूनच जिभेची बधिरता आली की त्या बाजूला मीठ आणि साखर यांतील भेदही पुसट होतो. वरच्या जबड्यातील तंतू विखुरलेले असतात, एका अरुंद बोगद्यात कोंडलेले नसतात. त्यामुळे तेथे दीर्घकाळ बधिरता राहण्याचे प्रसंग कमी येतात.

हे शरीररचनेचे वर्णन थोडे सविस्तर दिले, याला कारण आहे. अक्कलदाढेची मुळे काही माणसांत त्या बोगद्याच्या छताला टेकलेली असतात, काहींत तर ती बोगद्याला वळसा घालतात. अशी दाढ काढताना मज्जातंतू दाबला जाणे, खरचटणे किंवा ताणला जाणे हे कुशल हातांकडूनही घडू शकते. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर ओठाची तात्पुरती बधिरता शेकडा काही रुग्णांत आढळली आहे. कायमची बधिरता बहुतेक अभ्यासांत शेकडा एकाहून कमी आहे. नुसत्या इंजेक्शनमुळे येणारी दीर्घकालीन बधिरता त्याहून कितीतरी विरळ आहे. तिचे अंदाज सुमारे पंचवीस हजार इंजेक्शनांत एक येथपासून काही लाखांत एक येथपर्यंत आहेत. अशा प्रसंगी बहुधा जिभेचाच मज्जातंतू सापडतो, कारण तोंड मोठे उघडलेले असताना तो ताणलेला असतो आणि सुईच्या वाटेतून सहज बाजूला सरकू शकत नाही. सुई टोचताना जिभेत किंवा ओठात विजेचा झटका बसल्यासारखे वाटले तर रुग्णाने हात वर करून खूण करावी. वैद्य सुई किंचित मागे घेतात. असा झटका बसलेल्या बहुतेक रुग्णांत पुढे काही दोष राहत नाही.

दंतरोपणाचा स्क्रू बोगद्यापर्यंत पोहोचणे, रूट कॅनाल उपचारात भरलेले द्रव्य मुळाच्या टोकाबाहेर पडून मज्जातंतूवर जाणे, शस्त्रक्रियेनंतरची सूज किंवा साकळलेले रक्त यांचा दाब पडणे, ही बधिरतेची आणखी कारणे होत. ही कारणे एकमेकांपासून वेगळी ओळखणे किती महत्त्वाचे आहे ते पुढे दिसेलच.

इजेच्या तीन पायऱ्या

मज्जातंतूच्या इजेची तीन पायऱ्यांत विभागणी ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली केली आणि ती आजही उपयोगी पडते. पहिल्या पायरीत मज्जातंतूचे धागे शाबूत असतात. दाबामुळे अथवा ताणामुळे संदेशवहन तेवढे थांबलेले असते. पायावर बराच वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, त्याचेच हे अधिक तीव्र रूप. अशी बधिरता काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत जाते. दुसऱ्या पायरीत आतील धागे तुटतात, पण बाहेरचे वेष्टन टिकून असते. धागे त्या वेष्टनातून पुन्हा वाढू लागतात आणि ही वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम तीन सेंटिमीटर या गतीने होते. अक्कलदाढेपासून ओठापर्यंतचे अंतर लक्षात घेतले म्हणजे या प्रकारात बरे व्हायला काही महिने का लागतात हे ध्यानात येईल. तिसऱ्या पायरीत वेष्टनासह सारा मज्जातंतू तुटलेला असतो. तेथे टोकांना एकमेकांची वाट सापडत नाही आणि शस्त्रक्रियेवाचून सुधारणेची आशा अल्प असते.

अडचण अशी की पहिल्या दिवशी या तिन्ही पायऱ्यांचे रुग्ण सारखेच दिसतात. तिघांचाही ओठ बधिरच असतो. त्यांना एकमेकांपासून वेगळे करतो तो काळ, आणि काळाची साक्ष देते ती नोंद. बधिर भागात मुंग्या येऊ लागणे, टोचल्यासारखे वाटणे, बधिर क्षेत्राची कड आत सरकणे ही धागे जागे होत असल्याची चिन्हे आहेत. रुग्णांना पुष्कळदा ही चिन्हेच दुखणे वाढल्याची वाटतात, म्हणून त्यांना हे आधी सांगून ठेवणे इष्ट. मात्र सतत जळजळ होणे, किंवा वाऱ्याची झुळूक लागली तरी कळ उठणे हे निराळे लक्षण आहे. त्याचा अर्थ इजा झालेला मज्जातंतू चुकीचे संदेश पाठवू लागला आहे. त्यावर साधी वेदनाशामके फारशी चालत नाहीत आणि तज्ज्ञाची वेगळी औषधे लागतात.

दुसऱ्या दिवसापासून

दुसऱ्या दिवशी सकाळी बधिरता कायम असल्यास ज्याने उपचार केला त्याच दंतवैद्याला त्याच दिवशी कळवावे. दूरध्वनीवरून कळविले तरी प्रथम चालेल, पण तपासणीस जाणे टाळू नये. दंतवैद्य कापसाच्या टोकाने, बोथट व टोकदार साधनाने हळुवार स्पर्श करून संवेदना कोठे आहे व कोठे नाही ते पाहतात आणि बधिर भागाची सीमा चेहऱ्याच्या आकृतीवर आखून तारखेसह नोंदतात. नंतरच्या प्रत्येक भेटीत हीच तपासणी करून जुनी आणि नवी आकृती शेजारी ठेवली की सुधारणा होत आहे किंवा नाही हे कोणालाही दिसते. घरच्या घरी रुग्णालाही हे करता येते. आरशासमोर स्वच्छ कापसाचा बोळा फिरवून कोठून स्पर्श कळेनासा होतो ते पाहावे आणि आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवावे. सुईने टोचून पाहणे मात्र कटाक्षाने टाळावे.

या पहिल्या तपासणीत सर्वांत निकडीचा प्रश्न असतो तो मज्जातंतूवर अद्याप काही दाबून बसले आहे काय हा. दंतरोपणाचा स्क्रू बोगद्यात घुसलेला असेल तर तो शक्य तितक्या लवकर, साधारणपणे पहिल्या दीड दिवसाच्या आत काढला तर बरे होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. रूट कॅनालचे द्रव्य मज्जातंतूवर गेले असेल तर तेथेही पहिले एक-दोन दिवसच मोलाचे असतात. कारण त्यातील काही द्रव्ये नुसता दाब देत नाहीत, तर रासायनिक इजाही करतात. येथे ‘पंधरा दिवस वाट पाहू’ हा सल्ला चुकीचा ठरतो. उलट, नुसत्या इंजेक्शननंतरच्या बधिरतेत घाईने करण्यासारखे फारसे काही नसते. त्यातील बहुतांश रुग्ण आठ-दहा आठवड्यांत बरे होतात आणि येथे वाट पाहणे हाच योग्य मार्ग असतो. अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण या दोहोंच्या मधले. त्यांच्यात सुधारणेची चिन्हे पाहत राहायची. सुमारे तीन महिन्यांत काहीच चिन्ह दिसले नाही, विशेषतः जिभेच्या बाबतीत, तर मज्जातंतू मोकळा करण्याच्या किंवा सांधण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार मुखशल्यचिकित्सकाकडून करून घ्यावा. ही शस्त्रक्रिया जितकी लांबते तितके तिचे यश घटते. वर्ष उलटल्यानंतर आलेल्या रुग्णाला सांगण्यासारखे वैद्याजवळ पुष्कळदा थोडेच उरते.

औषधांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. बधिरता म्हटली की ब-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने सर्रास दिली जातात. शरीरात त्या जीवनसत्त्वाची उणीव असेल तर ती भरून काढणे योग्यच; पण तुटलेला मज्जातंतू या गोळ्यांनी सांधला जातो असा भरवसा देण्याइतका पुरावा नाही. गोळ्या घेतल्याचे समाधान मानून तपासणी लांबणीवर टाकणे हा त्यातील खरा धोका होय. सूज कमी करणारी स्टेरॉइड औषधे काही रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांत दिली जातात. मधुमेह, जठरातील व्रण आदी विकार असणाऱ्यांना ती बाधक ठरू शकत असल्याने ती वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावीत. बधिर जागी शेकणे तर पूर्णतः वर्ज्य. संवेदना नसलेल्या त्वचेला भाजल्याचे कळत नाही.

उपचारापूर्वीची दक्षता

उपचारापूर्वी घ्यावयाची काळजी मुख्यतः दंतवैद्याच्या हाती असते, पण तिची माहिती रुग्णालाही असावी. खालची अक्कलदाढ काढण्यापूर्वी क्ष-किरण चित्र घेतले जाते ते मुळे आणि बोगदा यांतील अंतर पाहण्यासाठी. दोन्ही अगदी लगत दिसल्यास त्रिमितीय क्ष-किरण तपासणी करता येते. धोका फार असेल तर दाढेचा वरचा भाग तेवढा कापून मुळे हाडातच ठेवण्याचा पर्यायही आहे. ‘अर्धीच दाढ काढली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाला कित्येकदा या पर्यायामागचा हेतू कोणी समजावून सांगितलेलाच नसतो. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी बधिरतेची शक्यता सोप्या मराठीत सांगणे हे दंतवैद्याचे कर्तव्य आहे आणि ती विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. शिक्षक, कीर्तनकार, गायक, वकील यांनी आपला व्यवसाय आवर्जून सांगावा. अर्धी जीभ बधिर असता ‘स’, ‘श’ यांसारखे उच्चार काही काळ अडखळतात आणि दिवसभर वर्गात बोलणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक नसते.

आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला दात काढणाऱ्या व बसविणाऱ्या अनधिकृत व्यक्तींकडे ना क्ष-किरण चित्र असते, ना नोंदवही, ना दुसऱ्या दिवशीचा पत्ता.

दुसऱ्या दिवशीच्या पत्त्याचा हा प्रश्न गावात भरणाऱ्या दंतचिकित्सा शिबिरांनाही लागू आहे. शिबिरे उपयुक्त असतात. परंतु संध्याकाळी मंडप उतरतो, पाहुणे वैद्य परततात आणि रात्री किंवा दुसऱ्या सकाळी ज्याला शंका येते त्याने कोणाकडे जावे हे ठरलेले नसते. शिबिराला जागा व वीज देताना ग्रामपंचायतीने आयोजकांकडून तीन गोष्टी आधीच मागून घेतल्या तर पुरेसे आहे : ज्यांचे दात काढले त्यांची नावे व काढलेल्या दातांची यादी, वापरलेल्या भुलीच्या औषधाचे नाव, आणि पुढील आठवडाभर उपलब्ध असणाऱ्या दंतवैद्याचा दूरध्वनी क्रमांक. दुसऱ्या दिवशी आशा कार्यकर्तीने त्या यादीतील प्रत्येकाला “ओठ, जीभ मोकळी झाली का?” एवढेच विचारावे. ज्याचे उत्तर नकारार्थी असेल त्याची तपासणी संबंधित दंतवैद्याने किंवा जिल्हा रुग्णालयातील दंत विभागाने करावी. पुढील उपचारांसाठी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुखशल्यचिकित्सेचे विभाग आहेत. रुग्णाला तेथे पाठविताना उपचाराची तारीख, औषधाचे नाव आणि पहिल्या तपासणीची आकृती सोबत दिली तर तेथील वैद्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

उपचाराविना आलेली बधिरता

दातावर कोणताही उपचार झालेला नसताना खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, तर तो विषय अगदी निराळा समजावा. जबड्याच्या हाडातील जंतुसंसर्ग, गाठ किंवा कर्करोग मज्जातंतूवर दाब आणू लागल्याचे ते पहिले लक्षण असू शकते. शरीरात अन्यत्र असलेला कर्करोग जबड्याच्या हाडात पसरल्यानेही असे होते. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री यांची सवय असणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष करणे फार महागात पडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू आणि मिश्री घरोघरी आहेतच, आणि मिश्री लावणाऱ्या स्त्रिया तिला दात घासण्याचे साधन समजतात, व्यसन नव्हे. ओठाच्या बधिरतेबरोबर दाढ हलू लागली, तोंडात न भरणारी जखम असली किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर दाढ काढून मोकळे होण्यापूर्वी तपासणी व्हावी. अशा वेळी नुसती दाढ उपटली तर जखम भरत नाही, आणि मूळ रोगाच्या निदानाला उशीर होतो.

कुष्ठरोगाच्या शंकेबद्दलही येथेच सांगून टाकणे बरे. दाढ काढल्यानंतर त्याच बाजूच्या ओठाला किंवा जिभेला आलेल्या बधिरतेचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. चेहऱ्याच्या त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर मात्र त्याची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतंत्रपणे करून घ्यावी. तेथे त्यावरील औषधे विनामूल्य मिळतात.

सर्व उपाय करूनही थोड्या रुग्णांत बधिरतेचा काही अंश कायम राहतो. अशांना खोटी आशा दाखविण्यापेक्षा रोजच्या व्यवहारातील लहान गोष्टी समजावून सांगणे अधिक उपयोगाचे असते. घास दुसऱ्या बाजूने चावावा; चहा प्रथम बोटाने अजमावून मग ओठाला लावावा; दाढी आरशात पाहून करावी; जेवणानंतर बधिर बाजूच्या गालात अन्न साचले आहे काय हे पाहून चूळ भरावी आणि दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्यावेत, कारण बधिर जिभेला आणि हिरडीला टोकदार दाताने झालेली जखम आपण होऊन कळत नाही.